मिसेस हॉजची प्लेट

१

शनिवारी सकाळी साडेनऊला विवेकने कम्युनिटी हॉलमधलं कपाट उघडलं, आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "मक्या, वही तू घेतलीस का रे?"

मी घेतली नव्हती. एकदा हॉलचं वाय-फाय दुरुस्त करून दिलं, त्या पापाची शिक्षा म्हणून मी हॉलच्या कमिटीवर होतो. जुन्या वह्या आणि स्कॅनर हा विवेकचा प्रांत. कपाटात बाकी सगळं जागच्या जागी होतं. पांढऱ्या कागदी पॉपींचा, म्हणजे शांततेची खूण म्हणून छातीवर लावायच्या फुलांचा, खोका होता, फोटोंची पाकिटं होती. नव्हती ती फक्त वही.

वही म्हणजे न्यूझीलंडमधल्या आमच्या रिकार्टन उपनगराच्या शांतता मंडळाची इतिवृत्ताची वही. पहिल्या महायुद्धात ज्यांचे भाऊ आणि नवरे गेले ते परत आलेच नाहीत, अशा आमच्या भागातल्या बायकांनी १९३१ साली हे मंडळ काढलं होतं. पुन्हा युद्ध नको, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी दारोदार सह्या गोळा केल्या, शाळेत पोरांच्या हाती बंदुका देऊ नका म्हणून पत्रं लिहिली, चौकात खोक्यावर उभं राहून भाषणं केली आणि टोमॅटो खाल्ले, तेही अंगावर. १९३९च्या ऑगस्टअखेर त्यांची शेवटची सभा झाली. चार दिवसांनी युद्ध जाहीर झालं. पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या सतरा नावांची यादी जवळच्या लोकरीच्या गिरणीत मॅनेजरच्या टेबलावर पोचली आणि अकरा कामगार घरी बसले.

यादी कोणी दिली? पंचाऐंशी वर्षं गावाचं उत्तर एकच होतं: मंडळाची चिटणीस, विनी ब्रॉडी.

विनीची मुलगी आयलीन आता नव्वदीची आहे. पुढच्या रविवारी हॉलमध्ये मंडळावरचं प्रदर्शन उघडणार होतं आणि सगळ्यांत मोठ्या फलकावर तेच उत्तर छापलं जाणार होतं. विनी मरेपर्यंत सांगत राहिली होती, "मी काही केलेलं नाही. शेवटच्या सभेत जे झालं ते मी वहीत लिहिलंय. वही शोधा." ती वही गेल्या वर्षी सापडली, २०११च्या भूकंपानंतर रेंगाळलेली दुरुस्ती करताना, हॉलच्या स्वयंपाकघरातल्या कपाटामागे. शेवटची चार पानं ओलीने एकमेकांना चिकटली होती आणि विवेक ती आज सोडवणार होता. फलकाचा मजकूर छापखान्यात द्यायचा होता सोमवारी दुपारी बाराला.

आयलीन वॉकरच्या दोन्ही मुठी धरून उभी होती. ती रडली नाही. "म्हणजे आईच्या नावावर आता कायमचा शिक्का बसणार," ती म्हणाली, आणि खाली बसली.

तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, "मकरंदराव, आधी त्यांना चहा द्या. आणि त्या कपाटाला कोणी हात लावू नका."

माझ्या सासूबाई आल्या होत्या.

२

मालती अभ्यंकर, वय एकाहत्तर. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. पुण्याला टेलिफोन खात्यात सुपरवायझर होत्या, पण खरी कारकीर्द वेगळीच. सोसायटीच्या महिला मंडळाच्या भांड्यांच्या त्या बावीस वर्षं चिटणीस होत्या. मंडळाची भांडी मुंजीला, हळदीकुंकवाला, बारशाला जायची आणि परत आली की आई, मीही त्यांना आईच म्हणतो, एकेक वाटी पालथी करून नाव बघायच्या. बावीस वर्षांत दोन चमचे हरवले, आणि त्यातला एक कुणाकडे आहे हे त्यांना आजही माहीत आहे.

रिकार्टनला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी हॉलच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. कोणी दिला नव्हता.

"शुक्रवारी दुपारी इथे कोण कोण होतं?" त्यांनी विवेकला विचारलं.

"चौघं, काकू. मी, ग्रॅहम, हेझल आणि आयलीन. साडेचारला मी वही कपाटात ठेवली, पाचला हॉलला कुलूप लावून सगळे एकदमच निघालो."

"किल्ली?"

विवेकने स्वयंपाकघरातल्या खिळ्याकडे बोट दाखवलं. किल्ली तिथेच टांगलेली असते, आणि हे रिकार्टनमधल्या मांजरांनाही माहीत आहे. वही शाळेच्या वहीएवढी. विवेकची लॅपटॉपची बॅग, ग्रॅहमची फाइल, हेझलचा केकचा डबा, आयलीनच्या वॉकरची टोपली, कशातही सहज मावली असती.

"माझ्यावर संशय येणारच," विवेक म्हणाला. "शेवटी वही माझ्याच हातात होती."

"तुला न्यायची असती तर स्कॅन करायच्या बहाण्याने राजरोस नेली असतीस," आई म्हणाल्या. "त्या ग्रॅहमना बोलवा."

ग्रॅहम टर्नर आमच्या भागाचे इतिहासकार. निवृत्त मास्तर, उंच, शर्टाच्या खिशात तीन पेनं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी मंडळावर पुस्तिका लिहिली आणि विनीवरचा आरोप त्यात पहिल्यांदा छापला. वहीत उलट काही निघालं असतं तर सगळ्यांत जास्त शोभा त्यांचीच झाली असती. मला विचाराल तर चोर ठरला होता.

"मी पुरावा बघून लिहितो," ग्रॅहम म्हणाले. आईंसाठी खुर्ची पुढे ओढून त्यांनी फाइलमधून त्या यादीची प्रत काढली. "तीन गोष्टी. सभासदांचं रजिस्टर फक्त विनीकडे असायचं. दुसरी, या सतरा नावांत मिसेस हॉज आहे. ती १९३६ सालीच वारली. मेलेल्या बाईचं नाव कुठे सापडणार? जुन्या रजिस्टरातच. आणि तिसरी, मंडळ चालवणाऱ्या बायकांपैकी एकीचंच नाव यात नाही. विनी ब्रॉडीचं."

आयलीनने मान खाली घातली. हे तिने पहिल्यांदा ऐकलं नव्हतं.

आईंनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली. "यात पुरुष एकही नाही. तुमच्या मंडळाचे अध्यक्ष तर पुरुष होते ना?"

"हो. एक शाळामास्तर. एकटे राहायचे."

"सगळ्यांत मोठा मासा तोच. मग त्याचं नाव का नाही? आणि ही मिसेस टली कोण?"

ग्रॅहम जरा घुटमळले. "ते कोडं आहे खरं. टली मंडळात कधीच नव्हती. तरी तिच्या नवऱ्याची नोकरी गेली."

"मग ही सभासदांची यादी नाहीच," आई म्हणाल्या. "दुसऱ्याच कसली तरी आहे."

कसली, ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

३

कपबशा विसळायला हेझल मॉफॅट उभी राहिली. हेझल पंचाहत्तरीची, गोल चेहऱ्याची, लग्न न केलेली. कमिटीची खजिनदार, प्रत्येकाचा वाढदिवस लक्षात ठेवणारी. कोपऱ्यावरच्या दुकानातून, इथे त्याला डेअरी म्हणतात, ती दर रविवारी आयलीनसाठी दूध आणि ब्रेड आणते. गेली सत्तावीस वर्षं एकही रविवार चुकलेला नाही, असं आयलीन कौतुकाने सांगायची.

आईंनी साबणाचं पाणी घेतलं, हेझल विसळत होती आणि मी फडकं घेऊन पुसत होतो. जावयाला कामाला लावणं आईंना रुचत नाही, पण न्यूझीलंडला आल्यापासून त्यांनी बऱ्याच गोष्टींकडे काणाडोळा केला आहे.

"कोणी नेली असेल हो वही?" आई म्हणाल्या.

"कुणाला तरी जुन्या वस्तूंचा सोस असेल," हेझल म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "मला आयलीनचं वाईट वाटतं. उगाच आस लावून बसली बिचारी. शेवटच्या पानावर असणार काय? झेंडे कुठे ठेवायचे, कोणी कपबशा विसळल्या त्याचे आभार, संपली सभा."

"खरंय," आई म्हणाल्या, आणि पुढची बशी दिली.

ती दुपार आणि संध्याकाळ आई सोफ्यावर पाय वर घेऊन आमच्या आयपॅडवर विवेकने स्कॅन केलेली पानं वाचत बसल्या. आठ वर्षांची इतिवृत्तं, अक्षर वळणदार. मधूनच त्यांचं हसू ऐकू यायचं.

"अहो, हे तर थेट आमचं मंडळ! जगात शांतता नांदावी हा ठराव पाच मिनिटांत मंजूर, आणि सपरला, म्हणजे सभेनंतरच्या खाण्याला, सँडविच काकडीचे की अंड्याचे यावर पाऊण तास. हे बघा, मुलांना खेळण्यातल्या बंदुका देऊ नयेत, नऊ विरुद्ध दोन. त्या दोघींना मुलगे असणार." थोड्या वेळाने त्या एका पानावर थांबल्या. मग म्हणाल्या, "एकीने लिहून दिलंय, माझे दोन भाऊ बेल्जियमच्या चिखलात आहेत, तिसरा मी देणार नाही. पुढच्या सभेला ती आलीच नाही. नवऱ्याने बंदी केली असेल."

माझी बायको राजश्री म्हणाली, "आई, तू चोर शोधतेयस की कादंबरी वाचतेयस?"

"दोन्ही. मकरंदराव, इकडे या. फेब्रुवारी १९३८. 'मिसेस टली यांनी शेजारधर्म म्हणून आपली मोठी प्लेट मंडळाला कायमची वापरायला दिली, त्याबद्दल आभार.'" त्यांनी चष्मा काढला. "मंडळाची स्वतःची भांडीच नव्हती. बायका घरून आणायच्या." मग त्यांनी आयपॅड बाजूला ठेवला. "उद्या सकाळी मला आयलीनबाईंकडे न्या. फोन करून जाऊ, म्हणजे त्या काहीतरी खायला करतील."

"खायला कशाला?"

"मला त्यांची प्लेट बघायचीय," आई म्हणाल्या.

४

आयलीनने आल्याच्या वड्या केल्या होत्या. बाहेर लॉनवर पांढरं दव होतं, आत हीटर लावलेला. मधल्या टेबलावर वड्यांची प्लेट, काठाला निळी वेल, एका जागी कपचा उडालेला.

"किया ओरा," तिने इथल्या माओरी पद्धतीने स्वागत केलं. "या, बसा." तिचे डोळे सुजलेले दिसत होते. "ग्रॅहमचा फोन आला होता. चांगला माणूस आहे तो. म्हणाला, उद्या बारापर्यंत वही नाही मिळाली तर मला जे ठाऊक आहे तेच छापावं लागेल."

आईंनी दोन वड्या खाल्ल्या, कृती विचारली आणि उरलेल्या वड्या शांतपणे एका कागदी रुमालावर काढून ठेवल्या. मग त्यांनी परक्या बाईच्या घरी, परक्या बाईसमोर, तिची प्लेट पालथी केली. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

प्लेटच्या पाठीवर तपकिरी रंगाने पाच इंग्रजी अक्षरं रंगवली होती. धुऊन धुऊन फिकट झाली होती, पण नाव स्पष्ट वाचता येत होतं. हॉज.

"ही तुमच्या आईची ना?" आईंनी विचारलं.

"आईचीच. म्हणजे मूळची मिसेस हॉजची. आईची जिवलग मैत्रीण होती ती. तेव्हा हॉलमध्ये सपर असलं की प्रत्येकीने घरून एक प्लेट भरून न्यायची, आणि ती परत मिळावी म्हणून पाठीवर आडनाव घालायचं. मी अजूनही चिकटपट्टीवर लिहून लावते." आयलीनचा चेहरा जरा खुलला. "आमच्याकडे चारचौघांत न्यावी अशी धड प्लेट नव्हती. मिसेस हॉजने जायच्या आधी ही आईला दिली. आई प्रत्येक सभेला हीच न्यायची. नाव पुसायला मात्र तिने कधी कुणाला दिलं नाही."

आईंनी प्लेट दोन्ही हातांत धरली होती. मी त्यांना इतक्या वर्षांत एकदाच असं बघितलं आहे, राजश्रीला मुलगी झाली तेव्हा.

"आयलीनबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या आईने काही केलेलं नाही. मला ठाऊक आहे. उद्या बारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होईल. तोवर ही प्लेट कुणाला देऊ नका."

आयलीनने त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आई, असं ठामपणे सांगितलंत? वही नाही मिळाली तर?"

"घरी चला. बेसन आहे ना? लाडू करायचेत."

५

आमच्या घरात पाच किलोचा एक स्टीलचा डबा आहे. आईंनी तो पुण्याहून सामानात, आत साड्या भरून आणला. त्यावर कोरलंय, 'चि. सौ. कां. मंदा हिच्या विवाहाप्रीत्यर्थ, १२-५-७८.' मंदा म्हणजे आईंची नणंद. तिच्या लग्नातला डबा आमच्याकडे कसा, यावर दोन्ही घरांचं अजून एकमत झालेलं नाही.

रविवारी दुपारी त्या डब्यात चाळीस लाडू भरून आम्ही हेझलच्या दारात उभे राहिलो. हेझल नुकतीच आयलीनकडे दूध देऊन आली होती.

"हे एवढे?" ती म्हणाली. "आणि हे काय लिहिलंय यावर?"

"नाव," आई म्हणाल्या. "तुमच्यासारखंच. आमच्याकडेही भांड्यांवर नावं घालतात. तुम्ही रंगवता, आम्ही कोरतो. हे मंदाचं नाव."

"मंदा कोण?"

"तेच तर. आमच्या घरात मंदा कोणीच नाही. माझी नणंद ती, जाऊन नऊ वर्षं झाली. पण समजा, उद्या एखाद्याला माझ्या घरातल्या माणसांची नावं हवी आहेत, विचारायची सोय नाही, आणि तो भांडी पालथी करून यादी करू लागला. तर काय होईल? मेलेली मंदा यादीत येईल, आणि मी घरात उभी असून सुटेन."

हेझलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

आईंचा आवाज आणखी मऊ झाला. "लाडू सावकाश खा. फक्त आमच्यात एक रीत आहे. शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. उद्या बाराच्या आत डबा मला लागेल."

आणि त्या वळून चालायला लागल्या.

६

"हेझल?" गाडी सुरू करायचंही मला सुचेना. "अहो, सत्तावीस वर्षं आयलीनला दूध आणून देणारी बाई!"

"म्हणूनच," आई म्हणाल्या. त्यांनी पट्टा लावला. "ऐका. यादीत पुरुष नाहीत, कारण पुरुष प्लेट आणत नव्हते. टली आहे, कारण तिची प्लेट मंडळाला कायमची दिलेली. हॉज आहे आणि ब्रॉडी नाही, कारण विनी हॉजची प्लेट न्यायची. ज्या गोष्टीने ग्रॅहमनी विनीला दोषी ठरवलं, त्याच गोष्टीने ती सुटते. विनीने यादी दिली असती तर मेलेल्या मैत्रिणीचं नाव तिने कशाला घातलं असतं? ती यादी रजिस्टर कधीही न बघितलेल्या माणसाने केली. प्लेटांच्या पाठी बघून. आणि पाठी कोण बघतं?"

"भांडी विसळणारा," मी म्हणालो.

"बरोबर. आता आठवा, काल हेझल काय म्हणाली. शेवटच्या पानावर कपबशा विसळणाऱ्याचे आभार असतील. मी आठ वर्षांची इतिवृत्तं वाचली. हॉलच्या भाड्याचे आभार आहेत, पियानो वाजवणारीचे आहेत, टलीच्या प्लेटचेही आहेत. विसळण्याचे आभार कुठ्ठेही नाहीत. अहो, बायकांनी भांडी विसळली तर आभार कोण मानतो? ते कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही. तसे आभार मानले असतील तर एकदाच, ज्या दिवशी एखादा पुरुष विसळायला उभा राहिला त्या दिवशी. आणि ती चिकटलेली पानं कोणी वाचलीच नव्हती. हेझलने घरी नेऊन वाफेवर सोडवली असणार."

मला राग आला होता. "मग सरळ ग्रॅहमना सांगू या. वही जाळून टाकली तर?"

"जाळायची असती तर शुक्रवारीच जाळली असती, आणि काल विसळायला आली नसती. तिला ती ओकून टाकायचीय, मकरंदराव. कोणीतरी पाठ थोपटल्याशिवाय निघत नाही." त्यांनी मला गाडी सुरू करायची खूण केली. "नाहीच आली तर मी आहे, प्लेट आहे. पण तिने स्वतः येणं वेगळं."

त्या रविवारी मी चार वेळा घड्याळ बघितलं आणि जेवलो कमी. आई मात्र दोनदा वाढून घेऊन जेवल्या.

७

सोमवारी दहा वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली. हेझल दारात उभी होती, डबा छातीशी धरून.

"हा रिकामा नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला द्यायचा नाहीये. आयलीनला द्यायचाय. तुम्ही याल का माझ्याबरोबर? एकटीने जमणार नाही मला."

आयलीनच्या टेबलावर तिने डब्यातून वही काढली, फडक्यात नीट गुंडाळलेली. शेवटचं पान उघडलं आणि स्वतःच वाचलं.

"'तीस ऑगस्ट १९३९. उपस्थिती एकवीस. युद्ध झालं तरी एकमेकींना अंतर न देण्याचा ठराव एकमताने मंजूर. मिस्टर पर्सी मॉफॅट यांनी आपण होऊन सर्व प्लेटा विसळल्या, त्याबद्दल चिटणीसांनी त्यांचे आभार मानले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.'"

तिने वही तशीच उघडी आयलीनपुढे सरकवली.

"पर्सी माझे वडील," हेझल म्हणाली. "तेव्हा वीस वर्षांचे होते, गिरणीत कारकून. आजीबरोबर सभेला यायचे. मॅनेजरने सांगितलं होतं, नावं आण, नाहीतर तू आणि तुझी आई रस्त्यावर. रजिस्टर तर त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. म्हणून विसळायला उभे राहिले, खिशात पेन्सिल घेऊन, आणि प्लेटांमागची नावं उतरवली; आजीची तेवढी सोडली. त्यांना वाटलं, बायकांची नावं आहेत, बायकांना कोण काय करणार? नवरे डोक्यातच आले नाहीत. हे मला त्यांनी १९९६ साली सांगितलं, मरायच्या आदल्या दिवशी."

"आणि माझी आई १९९१ साली गेली," आयलीन म्हणाली.

"हो."

"तो तिच्या अंत्यविधीला आला होता. शवपेटीला खांदा दिला होता त्याने."

हेझलने तोंडावर हात घेतला. "मला ठाऊक आहे. मी चोरी केली ते त्यांना वाचवायला. शुक्रवारी घरी नेऊन वाचली, आणि तुझ्या आईने त्यांचे आभार मानलेले बघितले. तेव्हापासून झोपले नाहीये मी."

आयलीनने वही बाजूला केली. मग तिचा आवाज चढला. मी तिला एवढ्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "सत्तावीस वर्षं दर रविवारी तू माझ्या दारात आलीस! दर रविवारी तुला सांगता आलं असतं! मला दूध नको होतं, हेझल. मला हे हवं होतं!"

आई पुढे झाल्या नाहीत आणि मलाही त्यांनी नजरेनेच थांबवलं.

बऱ्याच वेळाने आयलीनने डोळे पुसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "अकरा वाजले. ग्रॅहमला फोन लाव. तू लाव, मी नाही. तुझ्या तोंडून ऐकू दे त्याला."

हेझलने लावला. ग्रॅहमनी सगळं ऐकून घेतलं, प्लेटबद्दल तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "माझी पुस्तिका चुकली. नवा मजकूर मी लगेच लिहितो. आयलीनला सांग, मी संध्याकाळी येतोय, माफी मागायला." बाराला सात मिनिटं असताना मजकूर छापखान्यात गेला.

निघताना हेझल दारात घुटमळली. "रविवारी येऊ का मी?"

आयलीनने वही पुन्हा फडक्यात गुंडाळली. "ये," ती शेवटी म्हणाली. "पण दूध दारात ठेवून पळायचं नाही. आत येऊन बसायचं. मला तुझ्यावर अजून पुष्कळ रागवायचंय."

पुढच्या रविवारी प्रदर्शन उघडलं. हॉल भरला होता. काचेच्या पेटीत वही शेवटच्या पानावर उघडून ठेवली होती आणि शेजारी ती निळ्या वेलीची प्लेट, पालथी. मुलं येऊन विचारायची की ही उलटी का ठेवलीय, आणि हेझल पेटीजवळ उभी राहून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती, वडिलांचं नाव न गाळता. सकाळपासून ती बसली नव्हती.

आयलीन आईंचा हात धरून पेटीपाशी आली. विवेकला तिने काच उघडायला लावली. पर्समधून चिकटपट्टीचा एक तुकडा काढला, घरून लिहून आणलेला. अक्षर थरथरतं होतं, पण मोठं होतं. तिने तो प्लेटच्या पाठीवर, हॉजच्या नावाच्या बरोबर खाली, अंगठ्याने दाबून दाबून बसवला.

मिसेस डब्ल्यू. ब्रॉडी.

"आता परत मिळेल," ती म्हणाली.